निळं गटार आणि माझा चुंबकोळसा

३ मार्च, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीतच बंद पडली होती, पण तो दोष पेनचा.

आज हिच्या नावाने नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची नोटीस आली. ही मागच्या अंगणातल्या खोलीत कापड रंगवून देते. त्या खोलीचं पाणी घरामागच्या उघड्या गटारात जातं आणि गटार निळं दिसतं, अशी तक्रार आहे. महिनाअखेरपर्यंत पाणी स्वच्छ दिसलं नाही तर खोलीला सील.

नोटीस मी बारकाईने वाचली. दुसऱ्या मुद्द्यानंतर एकदम चौथा मुद्दा येतो. असल्या कागदाला काय किंमत द्यायची? हिला ते दाखवलं. ही म्हणाली, तिसरा तुम्ही मनाने घाला, पण चौथा वाचलात का? चौथा सीलचा आहे.

हिने नुकतीच एका शाळेच्या गणवेशांच्या कापडाची ऑर्डर घेतली आहे. सगळं निळं. खोली बंद झाली तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली तर घर कशावर चालवायचं, असं म्हणाली. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे हे ती विसरली असावी. दुकान सध्या जरा मंद आहे, कारण हल्ली लोक वस्तू दुरुस्त करत नाहीत, फेकतात. हा दोष लोकांचा.

शेवटी म्हटलं, तू काळजी सोड, पाणी माझ्याकडे लागलं. ही म्हणाली, आता जास्तच काळजी वाटते.

संकल्प: पहाटे उठणे. चहा दोनच वेळा. पाणी स्वच्छ करणे.

४ मार्च, मंगळवार

उठायला उशीर झाला. गजर वाजलाच नाही. (गजर मी स्वतः दुरुस्त केलेला आहे, तेव्हा बिघाड दुसरीकडे असणार.)

हिने तिच्या भावाला बोलावून घेतलं. तो प्लंबर आहे. म्हणाला, भाऊजी, एक टाकी बसवू, खाली खडी, वर वाळू, मध्ये कोळसा, पाणी गाळून सोडू. दोन दिवसांचं काम. मी नुसता हसलो. वाळू-खडी! लोक कुठे पोचले आणि हा अजून गाळतोय.

त्याला बाथरूमच्या पाइपाची आठवण करून दिली. वरचं बाथरूम बांधलं तेव्हा हा पाइप सरळ अंगणात उतरवणार होता. उताराचं गणित मी मांडलं. पाइप पलीकडच्या लाँड्रीच्या भिंतीमागून फिरवून पुढे गटारात सोडायला लावला. आजवर एकदाही तुंबला नाही. मेहुणा म्हणाला, आठवतंय भाऊजी, चार दिवस माझी पाठ धरली होती.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं (मंगळवार). त्यामुळे अभ्यास झाला. आणि सापडलं! मोठमोठ्या प्रयोगशाळांत कोळशाच्या कणाकणांत लोखंड मुरवतात. कोळसा पाण्यातली घाण धरतो, आणि लोखंडामुळे तो कोळसा चुंबकाला चिकटतो. पाण्यात टाका, ढवळा, चुंबक लावा, सगळं घेऊन बाहेर. ना टाकी, ना खडी. यावरचा एक व्हिडिओ लावला. लांबलचक होता. अर्ध्याच्या अलीकडेच मला सगळं समजलं, म्हणून बंद केला. ज्यांना समजत नाही ते शेवटपर्यंत बघतात.

मी शाळा अर्ध्यात सोडली असं नातेवाईक सांगत फिरतात. शाळेत होतं तेवढं मी घेतलं आणि निघालो, असं म्हणायला हवं.

नाव ठरवलं: चुंबकोळसा.

७ मार्च, शुक्रवार

पद्धत नोंदवून ठेवतो, पुढे वाद नकोत.

सुताराकडून आणलेला भुसा तीनदा चाळला. सर्किटच्या पाटीवरचं नको असलेलं तांबं काढायला आम्ही दुरुस्तीवाले लोहक्षाराचं तांबूस पाणी वापरतो, त्यात तो रात्रभर भिजवला. वाळवला. पत्र्याच्या डब्यात ठासून भरला, झाकणाला एक भोक (बारीक, खिळ्याने, डावीकडे), आणि अंगणात शेगडीवर डबा लालभडक होईपर्यंत ठेवला. हवा लागू द्यायची नाही, नाहीतर कोळशाची राख होते. पहिल्या डब्याची झाली. तो डबा खराब होता.

धूर जरा झोंबरा होता. पलीकडच्या लाँड्रीवाल्याने भिंतीवरून डोकावून विचारलं, रेडिओवाले, काय जाळताय, माझ्या चादरींना वास लागतोय. मी म्हटलं, विज्ञान. तो म्हणाला, मग वाऱ्याची दिशा बघून जाळा.

चुंबकाचा प्रश्न सुटला. समारंभांना स्पीकर भाड्याने देणारा माइकवाला त्याचा मोठा स्पीकर दुरुस्तीला टाकून गेला आहे. त्यातलं चुंबक काढलं. चांगलं थाळीएवढं आहे. काढल्या काढल्या ते लोखंडी कपाटाला जाऊन चिकटलं. मध्ये माझं बोट होतं. चुंबकाची ताकद उत्तम.

माइकवाल्याला सांगायचं, पार्ट मागवला आहे.

१० मार्च, सोमवार

यश! यश! (एकदाच लिहिणार होतो.)

खोलीचा गटाराकडे जाणारा पाइप बुचाने बंद केला. रंगकामाचं उरलेलं सगळं पाणी आता पिंपात साठवतो. त्यात चुंबकोळसा टाकला, लाकडी दांड्याने ढवळलं, वाट पाहिली. मग चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडलं. पिशवी हवीच, नाहीतर भुकटी चुंबकाला अशी बसते की सात जन्म निघत नाही. पिशवी वर काढली तर तिच्यावर भुकटीचं केसाळ अस्वल. आणि पिंपात? पाणी! काचेच्या बरणीत भरून उजेडाला धरलं. बरणीपलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

हिने बरणी हातात घेतली, फिरवली, वास घेतला. मग म्हणाली, खरंच गेला की हो रंग. लग्नाला इतकी वर्षं झाली. हा स्वर मी पूर्वी एकदाच ऐकला होता, फ्रिज दुरुस्त झाला तेव्हा.

पुढे तिने विचारलं, पण रंग गेला कुठे? चांगला प्रश्न होता, म्हणून मुळापासून समजावून सांगायला घेतलं: कोळशाला असंख्य भोकं असतात, भोकांत भोकं असतात, एक चमचा कोळसा उलगडला तर अख्खं मैदान झाकेल. मी मैदानापर्यंत आलो तेव्हा दूध उतू गेलं. ती गेली ती परत आली नाही.

बूच काढून स्वच्छ पाणी गटारात सोडलं. मेहुणा बघायला आला होता. म्हणाला, भाऊजी, मानलं. त्याला बरणी दिली, घरी ठेवायला.

१३ मार्च, गुरुवार

आजची नोंद गुप्त.

कोळसा एकदा वापरून फेकायचा म्हणजे रोज नवा करावा लागणार. साधा माणूस इथेच हरला असता. मी विचार केला, मळलेला सदरा आपण फेकतो का? धुतो. कोळसाही धुवायचा! गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, की धरलेला सगळा रंग सोडून देतो. ही माझी स्वतःची प्रोसेस आहे, कुणाला सांगणार नाही. कल्पना चोरणारे फार.

गुरुवारी दुपारी ही कोरं कापड आणायला जाते. ती गेल्यावर वरच्या बाथरूमला आतून कडी. घमेल्यात कोळसा, त्यावर सोसवेल इतकं गरम सोड्याचं पाणी. ढवळायला काठी घेतली होती, पण पायाला जो अंदाज असतो तो काठीला नसतो. पायांनी तुडवलं. खाली चुंबक धरून कोळसा थोपवला आणि पाणी मोरीत ओतलं. शाईसारखं गर्द निळं होतं, म्हणजे कोळसा फारच चांगला धुतला गेला. चार वेळा असं केलं. कोळसा नव्यासारखा! पाइपाने सगळं पाणी एका दमात खेचलं. उतार म्हणजे उतार.

संध्याकाळी हिने विचारलं, तुमचे पाय निळे कशाने? म्हटलं, नव्या चपलांचा रंग लागतोय. म्हणाली, चपला तर तपकिरी आहेत.

हिचं बारीक लक्ष असतं. सावध राहायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

मेहुणा सकाळीच आला. म्हणे काल संध्याकाळी लाँड्रीच्या कोपऱ्यापासून पुढे गटार निळंशार वाहत होतं. आपल्या मागे बघितलं तर स्वच्छ. मी त्याला तिथेच उभं करून तर्क समजावला: आपल्या दारापुढचं पाणी स्वच्छ, लाँड्रीपुढचं निळं, अर्थात रंग लाँड्रीपाशी येतो. तो डोकं खाजवत म्हणाला, ते बरोबर आहे, पण पूर्वी एवढं गडद कधी नव्हतं.

कोणीतरी माझ्या कामावर अक्षरशः पाणी ओततंय.

१७ मार्च, सोमवार

किरकोळ अडचण.

खोलीत दोन सारखी पिंपं आहेत. एकात टाकायचं पाणी, दुसऱ्यात हिने कापडासाठी ताजा कालवलेला रंग. त्यांवर ओळखीची खूण करायला हवी हे मी मनात पूर्वीच ठरवलं होतं. ही चहा घ्यायला आत गेली तेवढ्यात मी चुंबकोळसा टाकला. ज्या पिंपात टाकला ते दुसरं होतं.

ही परत आली, कापड बुडवलं, काढलं. कापड ढगाळ पांढरं. पुन्हा बुडवलं. पुन्हा ढगाळ. पिंपात हात घालून बाहेर काढला, काळ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, शास्त्राच्या दृष्टीने हा आजवरचा सर्वांत मोठा रिझल्ट आहे. अख्खं पिंप रंग खाल्ला! ही म्हणाली, शाळेला काय सांगू, मुलांना यंदा ढग व्हायचंय?

तागे पुन्हा रंगवायला बसली. मी मदत करू का विचारलं. तिने दुकानात जायला सांगितलं. गेलो. दुकानात माइकवाला बसला होता. सांगितलं, पार्ट निघालाय, वाटेत आहे.

संकल्प: पिंपांवर खुणा करणे.

२० मार्च, गुरुवार

खुणा करायला रंग आणला, तो निळा निघाला, निळ्या पिंपांवर दिसत नाही. उद्या.

सोमवारच्या पिंपाने कोळसा इतका भरला होता की आज सोडा दुप्पट घेतला. सहा पाणी काढली. पहिली तीन तर कापड बुडवावं अशी. बाथरूमच्या फरशीच्या फटी निळ्या झाल्या आहेत. हल्ली फरशांना दर्जा राहिला नाही.

संध्या. ६.३०: स्वतः कोपऱ्यावर जाऊन आलो. गटार लाँड्रीपासून पुढे गर्द निळं. मागच्या गुरुवारीही निळं. आजही गुरुवार. हा योगायोग नाही. मी डोळे उघडे ठेवून जगणारा माणूस आहे.

२१ मार्च, शुक्रवार

उकललं.

निळं पाणी. लाँड्रीजवळ. दर गुरुवारी. लाँड्रीवाले पांढऱ्या कपड्यांना काय घालतात? नीळ! हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फार सोपं होतं.

लाँड्रीत एक सदरा टाकायच्या निमित्ताने जाऊन आलो. फळीवर निळीची बाटली आहे. भरलेली. म्हणजे नुकतीच आणलेली. (वर धूळ होती, पण धूळ मुद्दाम टाकता येते.) सहज विचारल्यासारखं विचारलं, गुरुवारी काम जोरात असतं वाटतं? तो म्हणाला, गुरुवारी डाग असतात. पुढे मी ऐकलं नाही. पुरेसं होतं.

निघताना म्हणाला, रेडिओवाले, सदरा धुतलेलाच आहे.

२४ मार्च, सोमवार

खात्याकडे तक्रार दिली. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिली. गटाराचा नकाशा जोडला, बाण लाल शाईने. विनंती केली की तपासणीला गुरुवारीच यावं, दुपारी, म्हणजे गुन्हेगार रंगेहाथ सापडेल.

घरी सांगितलं तर ही कापड पिळता पिळता थांबली. म्हणाली, आपल्या पाइपातून आता स्वच्छ पाणी येतंय, महिनाअखेर आठवड्यावर आली, ऑर्डर पुरी होत आली. निजलेल्या वाघाला काडी कशाला घालायची? आणि तो लाँड्रीवाला, तागे वाळत घालायला जागा नव्हती तेव्हा त्याने स्वतःच्या दोऱ्या मोकळ्या करून दिल्या होत्या, विसरलात?

म्हटलं, दोऱ्या वेगळ्या, सत्य वेगळं. कोपऱ्यावर निळं दिसलं की नोटीस तुझ्याच नावाने येणार. मी तुझी खोली वाचवतोय. त्यावर ती म्हणाली, वाचली होती हो.

बायकांना दूरचं दिसत नाही.

२७ मार्च, गुरुवार, सकाळी ११

आज हिने कापड आणायला जाणं पुढे ढकललं. खोलीतच बसली आहे. ताग्यांच्या गाठी तिसऱ्यांदा सुटल्या, म्हणून आता मेहुणा बांधतोय. मी शांत आहे. चहा फक्त पाच वेळा.

तपासणीच्या बाई येतील तेव्हा हाती ताजा, झळझळीत चुंबकोळसा असायला हवा. कालचा वापरलेला साठा आत्ताच धुऊन घेतो. ही खाली आहे तोवर वर उरकतो.

११.४०: झाला. आठ पाणी! एवढा स्वच्छ कधीच झाला नव्हता.

त्याच दिवशी, दुपार

घडलं ते क्रमाने लिहितो.

बाई आल्या. मध्यमवयीन, बुटात माती, बोलणं मोजकं. आधी आपला पाइप बघितला. बाटलीत पाणी धरलं, उजेडाला लावलं, म्हणाल्या, छान आहे, कुणी केलं? हिने माझ्याकडे बोट दाखवलं. (हे लक्षात ठेवायचं. हिने बोट दाखवलं.) मी चुंबक लावून प्रयोग दाखवला. बाईंनी अस्वल हातात घेऊन बघितलं. म्हणाल्या, आमच्याकडचे लोक नुसतं बोलतात, तुम्ही करून दाखवलंत. मी सांगितलं, आणि हाच कोळसा मी पुन्हापुन्हा वापरतो, नासाडी शून्य. त्यांनी लिहून घेतलं.

मग सगळ्यांना कोपऱ्यावर नेलं. गटार निळं, काठोकाठ. मी काही न बोलता फक्त हात केला.

लाँड्रीवाला बाहेर आला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, मॅडम, गुरुवारी माझं ओलं काम बंद असतं. गुरुवारी फक्त डाग काढतो, बसून, कापसाच्या बोळ्याने. हौद बघा. हौद कोरडा होता. त्यात मांजर झोपलं होतं.

बाईंनी भिंतीमागे वाकून बघितलं. म्हणाल्या, निळं या पाइपातून येतंय. हा कुणाचा?

मेहुणा आभाळाकडे बघायला लागला. श्रेय उगाच दुसऱ्याला जायला नको म्हणून मी सांगितलं, पाइप माझा, उताराचं गणितही माझं, आजवर एकदाही तुंबला नाही. बाई म्हणाल्या, दिसतंय. मग विचारलं, पाण्यातला रंग तुम्ही कोळशात घेतलात. कोळसा पुन्हा वापरता म्हणालात. मग कोळशातला रंग कुठे जातो?

म्हटलं, ते माझं ट्रेड सीक्रेट आहे.

त्यानंतर सगळेच खाली बघत राहिले. मला वाटलं गटाराकडे बघतायत. ते माझ्या पायांकडे बघत होते. आज ते पोटऱ्यांपर्यंत निळे होते.

लाँड्रीवाला काही लागेल असं बोलेल म्हणून वाट पाहिली. तो फक्त म्हणाला, रेडिओवाले, सदरा तयार आहे, जाताना घेऊन जा.

२८ मार्च, शुक्रवार

नोटीस आली. या वेळी माझ्या नावाने. मुद्दे क्रमवार आहेत, एकही गळलेला नाही.

हिच्या खोलीला सील नाही. खोलीच्या पाइपाचं पाणी स्वच्छ, असा शेरा. कोळशाची पद्धत चालू ठेवायला हरकत नाही, मात्र वापरलेला कोळसा धुवायचा नाही; झाकणाच्या पिंपात साठवून खात्याच्या गाडीला द्यायचा. आणि शेवटचा मुद्दा: हे काम रंगकाम करणाऱ्या बाईंनी किंवा त्यांच्या भावाने करावं. म्हणजे इतर कुणी नाही. घरात इतर कोण आहे याचा मी विचार केला.

दुपारी तो व्हिडिओ उरलेला बघितला. दुसरा अर्धा भाग सबंध यावरच आहे की वापरलेल्या भुकटीचं काय करायचं. धुतलं तर धुवणाचं पाणीही वेगळं साठवायचं, गटारात कदापि सोडायचं नाही, असं तीनदा सांगतात. एवढी महत्त्वाची गोष्ट सुरुवातीला नको का सांगायला? व्हिडिओ अत्यंत वाईट बनवला आहे.

हिला वाटलं असेल मी जेवणार नाही. ताट वाढून ठेवलं होतं. मी बसल्यावर म्हणाली, कोळसा चांगला आहे हो तुमचा. एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं तयार होती.

३१ मार्च, सोमवार

गणवेशाचं कापड आज गेलं. गडद, एकसारखं, एक डाग नाही. टेम्पो गेल्यावर ही पायरीवर बराच वेळ बसून होती. मी शेजारी बसलो. तिने सरकून जागा दिली.

खोलीत आता ही आणि मेहुणा पिंप चालवतात. मेहुण्याने पिंपांवर पांढऱ्या खुणा केल्या, माझ्या कल्पनेप्रमाणे. कोळसा हिनेच केला, डबा एकदाही जळला नाही. (डबा नवा आहे.) माइकवाला स्पीकर न्यायला आला होता; त्यातलं चुंबक कुठल्या कामाला लागलंय हे बघितल्यावर हिला म्हणाला, वहिनी, ठेवा तुम्ही, मी दुसरं बघतो. मला मात्र म्हणाला, पार्ट आला का?

मी बाथरूमच्या फटी घासतो आहे. ब्रशने. हे माझ्या नोटिशीतच आहे.

पाय अजून निळेच. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. शेवटी स्वतःचाच चुंबकोळसा पाण्यात कालवून चोळला. आता निळ्यावर काळे आहेत. चुंबक फिरवलं असतं तर काळं तरी निघालं असतं, पण चुंबक खोलीत आहे आणि खोलीत मला मनाई.

हिने न राहवून लाँड्रीवाल्याला विचारलं. मी विचारायला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही म्हणे. म्हणाला, निघेल, औषध आहे माझ्याकडे, रेडिओवाल्यांना पाठवून द्या. पण गुरुवारी. डाग मी गुरुवारीच घेतो.

आज सोमवार. तोवर मोजे.